‘उर्वरित’ : रत्नागिरी जिल्हा व समन्यायी निधिवांटपाचे कागद

हिशेबांत गांवाचें नांव कोणत्या सदराखालीं पडलें आहे, यावर त्या गांवाचें बरेंवाईट पुष्कळ अंशीं अवलंबून असतें, ही गोष्ट दप्तरांच्या शोधांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. ताळेबंदांत ज्या गांवाची रकम स्वतंत्र पडली आहे, तो अंमलदाराच्या नजरेसमोर राहतो. ‘किरकोळ’ या सदरांत दहा गांवांबरोबर गोळा केलेला गांव हळूहळू विसरला जातो. त्या दहांची बेरीज बरोबर जुळते आणि बेरीज जुळली म्हणजे तपासणाराचें समाधान होतें. परंतु दहांपैकीं कोणाच्या वांट्यास काय आलें, हें तीवरून कळत नाहीं. हा प्रकार केवळ जुन्या दप्तरांपुरता नाहीं. गेल्या सत्तर वर्षांतील छापील सरकारी कागदांतहि तो आढळतो व त्याचे परिणाम रत्नागिरी जिल्ह्यास भोगावे लागले आहेत, असें आमचें मत आहे. त्या मताचीं कारणें येथें क्रमानें मांडितों.

महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतील आर्थिक विषमता सरकारी पैशानें कमी करावी, या हेतूनें १९५३ पासून करार, घटनेचें कलम, समित्यांचे अहवाल व राज्यपालांचे आदेश अशी कागदांची एक मालिका तयार झाली. विदर्भ व मराठवाडा यांच्या बाजूनें तिचें वाचन पुष्कळांनीं केलें आहे. आम्ही ती रत्नागिरीच्या बाजूनें वाचणार आहों. त्यासाठीं प्रथम जिल्ह्याची पूर्वस्थिति थोडक्यांत ध्यानांत घेतली पाहिजे.

पेशवाई बुडाल्यावर, १८१८ सालीं, दक्षिण कोंकणचा मुलूख कंपनी सरकारकडे आला. कारभाराचें ठाणें आरंभीं बाणकोटास होतें, तें पुढें रत्नागिरीस आलें, आणि १८३२ सालीं रत्नागिरीचा स्वतंत्र जिल्हा झाला. जमीन डोंगराळ व जांभ्या दगडाची. खोलगट भागांतल्या खाचरांत भात व चढावरच्या वरकस जमिनींत नाचणी आणि वरी. त्यावर खोतीचा बोजा. ही खोती मुंबई सरकारच्या १९४९ च्या कायद्यानें रद्द झाली, तोंपर्यंत कुळाच्या हातीं वर्षाचें धान्य पुरतें असें क्वचितच होई. म्हणून घरटीं एक दोन पुरुष मुंबईस, हा क्रम पडला. प्रथम गलबतानें, मग आगबोटीनें माणसें गिरण्यांत, गोदींत, पोलिसांत व पलटणींत गेलीं. रत्नागिरी व सावंतवाडी यांविषयींचा गॅझेटियरचा खंड १८८० सालीं प्रसिद्ध झाला, त्यांतहि या स्थलांतराची नोंद आहे. टपालखात्यामार्फत मनीऑर्डर करण्याची सोयहि त्याच सालीं सुरू झाली, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पुढें शंभर वर्षें या जिल्ह्याची तूट भरून निघाली ती मुख्यतः या मार्गानें. हा पैसा सरकारी नव्हता. गिरणींत बारा बारा माणसें एका खोलींत राहून शिल्लक टाकीत, आणि ती शिल्लक सारा, किराणा व मुलांची पुस्तकें यांत खर्च होई. विषमता दूर करण्याचा खर्च विषमतेनें गांजलेल्यांनींच सोसला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां मालिकेंतील पहिला कागद. संयुक्त महाराष्ट्राची मागणी जोरांत असतां, २८ सप्टेंबर १९५३ रोजीं नागपूर येथें जो करार झाला तो ‘नागपूर करार’ या नांवानें प्रसिद्ध आहे. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर प्रभृति पुढाऱ्यांच्या त्यावर सह्या आहेत. विकास व कारभार यांच्या कामीं महाविदर्भ, मराठवाडा व राज्याचा उरलेला भाग असे तीन घटक कायम राहावे. त्यांवरील खर्चाची वांटणी लोकसंख्येच्या प्रमाणांत व्हावी. मराठवाडा मागासलेला असल्यामुळें त्याकडे विशेष लक्ष पुरवावें. आणि याचा अहवाल दरवर्षीं विधानसभेपुढें यावा, असा त्यांतील निधीविषयक कलमांचा आशय आहे. यांत कोंकणचें नांव नाहीं. तें तिसऱ्या घटकांत, म्हणजे ‘उरलेल्या’ भागांत आहे.

दुसरा कागद याहून वजनदार. १९५६ सालीं राज्यघटनेची सातवी दुरुस्ती झाली आणि त्या सालच्या १ नोव्हेंबरास विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वांत आलें. त्या दुरुस्तीनें घातलेल्या ३७१ व्या कलमांत, विकासखर्चाची समन्यायी वांटणी व्हावी यासाठीं विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र, सौराष्ट्र, कच्छ व उर्वरित गुजरात यांकरितां वेगवेगळीं विकासमंडळें स्थापण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची तरतूद झाली. तंत्रशिक्षण व सरकारी नोकऱ्या यांतहि या भागांस पुरेशी संधि मिळावी, असें त्यांत आहे. १९६० सालीं दोन राज्यें झाल्यावर कलमाची भाषा त्याप्रमाणें बदलली. भागांचीं नांवें मात्र तींच राहिलीं.

या सहा नांवांकडे इतिहाससंशोधकानें बारकाईनें पाहावें, अशी आमची विनंती आहे. चार भागांस स्वतःचें नांव आहे. दोघांस ‘उर्वरित’ हें उपपद आहे. हा भेद दारिद्र्यावरून पडला कीं काय ? तसें दिसत नाहीं. विदर्भ त्या वेळीं मध्यप्रदेशांतून आला, मराठवाडा हैदराबाद संस्थानाच्या राज्यांतून, सौराष्ट्र व कच्छ हीं तोंवर स्वतंत्र राज्यें होतीं. चौघेहि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मुंबई राज्यास नव्यानें जोडले गेले. जे पूर्वींपासून मुंबई इलाख्यांत होते ते दोन्ही प्रदेश ‘उर्वरित’ ठरले. तेव्हां कलमांतील नांव हें सामील होण्याची खूण आहे, गरजेचें माप नव्हे. सामील होणारानें अटी मागाव्या व त्या करारांत नमूद व्हाव्या, हें रीतीस धरूनच आहे. विदर्भाच्या व मराठवाड्याच्या अटी रास्त होत्या, याबद्दल आमच्या मनांत शंका नाहीं. परंतु रत्नागिरीस सामील व्हावयाचें नव्हतें. ती आधींपासून घरांतच होती, म्हणून तिला कोणी अट विचारली नाहीं. पुढें काळ लोटला, करारामागील प्रसंग विसरला गेला, आणि सामील होण्याची खूण हीच गरजेची यादी म्हणून वाचली जाऊं लागली. आमच्या मतें मूळ घोटाळा येथें आहे.

तिसरा कागद म्हणजे प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९८३ सालीं नेमलेल्या सत्यशोधन समितीचा १९८४ चा अहवाल. कामाच्या शिस्तीबद्दल या अहवालाची योग्यता मोठी आहे. समितीनें जिल्हा हा घटक धरला, राज्याची सरासरी हें माप धरलें, आणि रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास व पशुवैद्यक अशा नऊ सदरांत कोणता जिल्हा सरासरीच्या किती मागें आहे तें काढलें. ही जी तूट, तिला ‘अनुशेष’ हें नांव रूढ झालें. एकूण अनुशेष ३,१८६.७७ कोटी रुपये निघाला. पैकीं विदर्भाचा १,२४६.५४ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी व उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी. जुन्या हिशेबांत रयतेकडून सरकारास येणें राहिलें तें ‘बाकी’ म्हणून लिहीत. येथें सरकाराकडून रयतेस देणें राहिलें तें ‘अनुशेष’ म्हणून प्रथमच आंकड्यांत लिहिलें गेलें. या दृष्टीनें आमच्या राज्याच्या जमाखर्चाच्या इतिहासांत हा अहवाल एक टप्पा आहे.

समितीनें जिल्हा हा घटक धरल्यामुळें रत्नागिरी व १ मे १९८१ रोजीं तीपासून वेगळा झालेला सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे या अहवालांत स्वतःच्या नांवानें आले. तथापि राजकारणांत व पुढील वांटणींत जे आंकडे तोंडीं राहिले ते तीन विभागांचे. पाहणी जिल्ह्याची आणि वांटप विभागाचें, असें झालें. तिसऱ्या रकमेंत पुणें, कोल्हापूर व सांगली यांसारखे सधन जिल्हे, सोलापूर व धुळें यांसारखे अवर्षणाचे जिल्हे आणि कोंकणपट्टी हीं सर्व एकाच विभागांत बसलीं. ज्या विभागांत साखर कारखाने व मोठे कालवे आहेत त्या विभागास आणखी काय द्यावयाचें, असा प्रश्न सहजच निघूं लागला. आणि तो प्रश्न विचारणारास दापोलीचा किंवा राजापूरचा डोंगर त्याच विभागांत आहे याची आठवण राहिली नाहीं.

यांत दुसरी अडचण मापाची. अनुशेषाच्या नऊ सदरांत सर्वांत मोठी रकम पाटबंधाऱ्यांची होती. पाटबंधाऱ्याचें माप म्हणजे पेरणीच्या क्षेत्रापैकीं किती भिजतें. देशावर हें माप अचूक लागू पडतें. रत्नागिरी जिल्ह्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो चार महिन्यांत पडून, उतारावरून वाहून, समुद्रास मिळतो. भाताचें पीक पावसावर येतें. चैत्रवैशाखांत मात्र डोंगरावरील वाड्यांतून पिण्याचें पाणी टँकरनें पुरवावें लागतें. अशा प्रदेशाची निकड लहान बंधारे, विहिरी व साठवण यांची. भिजलेल्या हेक्टरांवरून ती मोजतां येत नाहीं. काठी खोटी नव्हती, पण ती दुसऱ्या जमिनीची होती.

कोयनेचें उदाहरण येथें देण्यासारखें आहे. धरण सातारा जिल्ह्यांत. त्याचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यानें पश्चिमेस आणून चिपळूण तालुक्यांत पोफळी येथें भूमिगत केंद्रांत वीज निर्माण करितात. हें काम १९६२ पासून चालू आहे. त्या विजेवर मुंबई व पुणें येथील कारखाने चालले, आणि वीज काढून झालेलें पाणी वाशिष्ठी नदींतून दाभोळच्या खाडीस जातें. एवढ्या मोठ्या सरकारी खर्चाचें केंद्र रत्नागिरी जिल्ह्यांत असूनहि, तेवढ्यावरून तो खर्च रत्नागिरीकरितां झाला असें म्हणतां येणार नाहीं. जमाखर्च वाचणारानें पैसा कोठें खर्चला व कोणासाठीं खर्चला, हे दोन प्रश्न वेगळे ठेविले पाहिजेत.

याहून दुःखाची गोष्ट अशी. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर हजारों कामगार कामावर परत गेलेच नाहींत. त्यांत कोंकणची माणसें मोठ्या संख्येनें होतीं. शंभर वर्षें ज्या मार्गानें जिल्ह्याची तूट भरून निघत होती तो मार्ग या वेळीं आटला, आणि नेमक्या त्याच सुमारास, १९८३-८४ मध्यें, समिती जिल्ह्यांची तूट मोजीत होती. परंतु नऊ सदरांत रस्ता होता, शाळा होती, दवाखाना होता. बंद पडलेल्या मनीऑर्डरीस सदर नव्हतें. हा समितीचा दोष नव्हे. सरकारी सोयी मोजणें एवढेंच तिचें काम होतें. मात्र त्या आंकड्यांवरून जिल्ह्याची खरी स्थिति कळली, असें मानणारांची चूक झाली.

चौथा कागद विकासमंडळांचा. घटनेंतील तरतूद तीन तपांहून अधिक काळ निजून होती. ९ मार्च १९९४ रोजीं राष्ट्रपतींचा आदेश निघाला व ३० एप्रिल १९९४ रोजीं राज्यपालांच्या आदेशानें तीन मंडळें स्थापन झालीं. विदर्भाचें नागपुरास, मराठवाड्याचें औरंगाबादेस (आतांचें छत्रपती संभाजीनगर) आणि उर्वरित महाराष्ट्राचें पुण्यास. पुढें निर्देशांक व अनुशेष समितीनें १ एप्रिल १९९४ ही तारीख धरून नवा हिशेब केला, तो १४,००६.७७ कोटी रुपयांचा झाला : विदर्भ ६,६२४.०२ कोटी, मराठवाडा ४,००४.५५ कोटी, उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.२० कोटी. मधल्या काळांत भाव चढले होते, म्हणून १९८४ च्या रकमांशीं या रकमा सरळ ताडून पाहूं नयेत. तरी वाटे कसे सरकले हें दिसतेंच. पूर्वीं मराठवाड्याहून मोठा असलेला ‘उर्वरित’चा वाटा आतां तिघांत सर्वांत लहान झाला. विभाग म्हणून पाहतां हें योग्यहि असेल. पण विभाग सुधारला म्हणजे त्यांतला प्रत्येक जिल्हा सुधारला, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. २००१ पासून राज्यपालांचे निधिवांटपाचे निर्देश निघूं लागले. २०११ सालीं डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालीं आणखी एक समिती नेमली गेली व २०१३ सालीं तिचा अहवाल आला. कोंकणास वेगळें मंडळ असावें ही मागणी वेळोवेळीं झाली. परंतु १९९४ पासून ३० एप्रिल २०२० रोजीं मुदत संपेपर्यंत मंडळें तीनच होतीं, आणि रत्नागिरीचें गाऱ्हाणें पुण्याच्या कचेरींत जात होतें.

मग जिल्ह्यास कांहींच मिळालें नाहीं काय ? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु जें मिळालें तें बहुधा या मालिकेच्या बाहेरून मिळालें. १९७२ सालीं दापोलीस कृषि विद्यापीठ निघालें. १९७७ च्या कायद्यानें रोजगार हमी योजनेस कायद्याचा आधार आला. तिच्या पैशाचा एक मोठा झरा म्हणजे व्यवसाय कर, आणि तो बराचसा मुंबईंत गोळा होई. म्हणजे जो पैसा पूर्वीं मनीऑर्डरीनें खेड्यांत येई, त्याचा एक अंश आतां कराच्या वाटेनें खेड्यांकडे जाऊं लागला. पण योजनेचीं कामें बांधबंदिस्ती, पाझर तलाव व रस्ते हीं असल्यानें त्यांचा ओघ अवर्षणाच्या जिल्ह्यांकडे होता. १९९० सालीं फळबाग लागवड या योजनेस जोडली गेली; खड्डे, कलमें, खत व मजुरी यांचा खर्च सरकारानें सोसून शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनींत झाडें लावून देण्यास आरंभ झाला. तेव्हां ज्या वरकस जमिनींत नाचणीहि धड होत नसे तीवर हापूस व काजू उभे राहिले. या जमिनींत काय येतें, हा प्रश्न विचारून आंखलेली ही योजना होती. म्हणून ती येथें रुजली.

कोंकण रेल्वेची हकीकतहि अशीच बोधप्रद आहे. राजापूर मतदारसंघाचे खासदार प्रा. मधु दंडवते यांनीं हा प्रश्न दीर्घकाळ लावून धरला. ते अर्थमंत्री व जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असतां मार्ग निघाला आणि १९ जुलै १९९० रोजीं महामंडळ स्थापन झालें. भांडवलांत रेल्वेचा वाटा शेंकडा ५१, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकीं ६. आणि बाकीचा मोठा पैसा रोखे काढून लोकांकडून कर्जाऊ घेतला. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखालीं रोहें ते मंगळूरजवळपर्यंत सुमारें ७६० किलोमीटरांचा मार्ग होऊन २६ जानेवारी १९९८ रोजीं पूर्ण खुला झाला. देशाच्या इतर भागांत रेल्वे सरकारी तिजोरींतून झाल्या. येथें ती बरीचशी कर्जांतून झाली, आणि कर्ज फिटावें म्हणून भाडें आकारतांना प्रत्यक्षाहून अधिक अंतर धरण्याची रीत ठेवण्यांत आली. येथेंहि जुनाच प्रकार दिसतो : सोय झाली, पण तिच्या खर्चाचा भार पुनः प्रवाशाच्या, म्हणजे पुष्कळ अंशीं मुंबईहून गणपतीस गांवीं येणाऱ्या चाकरमान्याच्या माथीं आला.

शेवटीं लोकसंख्येच्या मापाविषयीं दोन शब्द. नागपूर करारानें लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटणी सांगितली, आणि वरवर पाहतां याहून न्याय्य तें काय ? परंतु २००१ च्या खानेसुमारींत रत्नागिरी जिल्ह्याची वस्ती १६,९६,७७७ होती, ती २०११ सालीं १६,१५,०६९ भरली. आणि दर हजार पुरुषांमागें स्त्रिया ११२२, हें प्रमाण राज्यांत सर्वांत अधिक. म्हणजे कमावता पुरुष जिल्ह्याबाहेर आहे व त्याचें डोकें लालबागेंत, ठाण्यांत किंवा वसईविरारास मोजलें जातें. वस्तीच्या प्रमाणांत पैसा वांटला तर, पोट भरत नाहीं म्हणून माणूस गेला आणि माणूस गेला म्हणून जिल्ह्याचा वाटा घटला, अशी दुहेरी हानि होते. भरींत भर म्हणजे महसुलाच्या कोंकण विभागांत मुंबई शहर व उपनगर हे जिल्हेहि येतात. तेव्हां ‘कोंकण’ या नांवाची सरासरी काढली तरी रत्नागिरी तींत झांकूनच जाते.

विदर्भ किंवा मराठवाडा यांच्या पानांतलें कांहीं काढून रत्नागिरीस वाढावें, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांचा अनुशेष खरा आहे व तो भरून निघाला पाहिजे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, १९५३ व १९५६ च्या कागदांतील नांवें सामिलीकरणाच्या प्रसंगीं पडलीं, तीं गरजेची मोजदाद करून पडलेलीं नाहींत. आणि पुढें कधींहि मंडळें किंवा वांटणी नव्यानें ठरवावयाची झाल्यास हा भेद ठरविणारांच्या नजरेस आणून देणें इतिहास जाणणारांचें कर्तव्य आहे.

हें कर्तव्य बजावण्यास साधनें हवींत, आणि तीं आज रद्दींत जात आहेत. आमचे संग्राहक मोडी रुमाल जपतात, तो आदर योग्यच. परंतु समित्यांचे अहवाल, जिल्ह्याच्या वार्षिक योजनांच्या छापील प्रती व मंडळांचे अहवाल यांसहि आतां दप्तराची योग्यता आली आहे. त्याहून दुर्मिळ कागद मुंबईच्या चाळींत आहेत : गांवोगांवच्या ग्रामस्थ मंडळांच्या वर्गणीच्या वह्या, सभांचीं इतिवृत्तें, शाळेच्या इमारतीस किंवा गांवच्या रस्त्यास पाठविलेल्या रकमांच्या पावत्या, आणि घरच्या पेटींत पडलेलीं मनीऑर्डरीचीं कुपनें. कुपनावरील दोन ओळींत किती रुपये व कशासाठीं, हें लिहिलेलें असतें. समितीच्या नऊ सदरांत ज्या पैशास जागा नव्हती त्याचा हिशेब एवढाच उरला आहे. खेड, चिपळूण, संगमेश्वर, गुहागर, राजापूर या बाजूच्या घरांतून असे कागद ज्या वाचकांच्या पाहण्यांत असतील त्यांनीं ते, किंवा निदान त्यांच्या नकला, मंडळाकडे पाठवाव्या, अशी आमची विनंती आहे. पाठविणाराचें गांव व कागदाचें साल सोबत अवश्य लिहावें.